पितळेच्या गल्लीतला पाठमोरा माणूस

भंडारा,
८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
दीपमालाचा सविनय जय भीम. आईलाही जय भीम. वि. वि.

तुम्ही कानाचं नवं यंत्र डब्यात घालून ठेवलंत, असं आईने सांगितलं. त्यातून कोणीतरी घरातलं बोलणं ऐकतं, असं तुमचं म्हणणं. बाबा, वयानं तुमचे कान गेले, पण शंका मात्र दिवसेंदिवस तीक्ष्ण होत चालल्या आहेत. असो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून का होईना, पत्र लिहायची सवय राहिली.

लॅबमधलं काम ठीक आहे. आठवडाभर लोकांचं रक्त तपासायचं आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन रस्त्यावर जायचं, असं माझं चाललंय. रस्त्यावरचे कसले फोटो काढतेस, असं तुम्ही विचारलंत. कशाचेच ठरवून नाही. एक जागा धरायची, ऊन कुठून येतं ते पाहायचं आणि उभं राहायचं. थोड्या वेळाने लोक आपल्याला विसरतात, आणि मग ते खरे दिसू लागतात. आधी विचारलं तर माणूस केस सारखे करतो, सदरा ओढतो, आणि जे पाहिलेलं असतं ते निघून जातं.

सध्या मी पितळी भांड्यांच्या गल्लीत उभी राहते. एक गोष्ट मात्र मनात टोचते आहे. गेल्या काही महिन्यांचे फोटो एकत्र पाहिले, तर बऱ्याच फोटोंत एक माणूस आहे. डोक्यावर मळकी निळी टोपी, खांद्यावर पोतं. दुकानांचा माल वाहतो. प्रत्येक फोटोत पाठमोरा. पाठ फिरवणारे पुष्कळ भेटतात, पण ते कॅमेरा पाहून फिरवतात. हा माझा हात पिशवीत जायच्या आतच फिरतो. म्हणजे तो मला आधीपासून पाहत असला पाहिजे. का, ते कळत नाही.

आईला सांगू नका, ती उगाच घाबरेल. तुमची माया अशीच पत्रातून येत राहू द्या.

तुमची,
दीपमाला

*

चिखला,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमाला हिस,
बाबाचा जय भीम आणि आशीर्वाद.

तुह्या आईले सांगू नको म्हणे! पत्र माह्या आधी तिनंच वाचलं. आता दोघं बी घाबरून राहिलो.

मी तुले आधीच सांगतलं होतं, पोरी. न विचारता कोणाचा फोटो काढणं म्हणजे न विचारता कोणाच्या घरात डोकावणं. तू म्हणते लोक तुले विसरतात. लोक काही विसरत नाहीत. लोक फक्त तसं दाखवतात. खाणीत इतकी वर्षं काढली, मले माहीत आहे. जो माणूस तुह्याकडं पाहत नाही, तोच तुले जास्त पाहून राहिला असते.

तो माणूस चोर असन. नाहीतर तुह्या मागावर कोणी ठेवला असन. लॅबमंधी कोणासंग भांडण झालं काय? खोलीची मालकीण कशी आहे? तिच्या डोळ्यांवर माहा पहिल्या दिवसापासून भरोसा नाही.

त्याचं तोंड दिसन असा एक फोटो पाठव. मोबाईलवर नको, कागदावर. मोबाईलवरचं कोण कोण पाहते काय माहीत. आणि त्या गल्लीत एकटी जाऊ नको.

इकडं धान कापून झाला. तुही आई गुडघ्यानं हैराण आहे पण कबूल करत नाही. जीवाले जप, आणि म्हाताऱ्याचं कधीतरी ऐकत जा.

तुहा,
बाबा

*

भंडारा,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

सोबत फोटो पाठवते आहे. तो कसा मिळाला ते लिहिते, म्हणजे पाहताना समजेल.

परवा दुकानदाराने नव्या पराती पायरीवर ओळीने लावल्या होत्या. दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. मी गुडघ्यावर बसून फक्त परातीच टिपत होते. माझं तोंड दुकानाकडे, पाठ रस्त्याकडे. खोलीवर येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं, तर मधल्या परातीत एक चेहरा. निळी टोपी. तो अगदी माझ्या मागे उभा राहून माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहत नाही, म्हणून निर्धास्त असावा.

बाबा, खरं सांगते, मी उठून खोलीची कडी तपासली. रस्त्यावर मी लोकांना न कळता पाहते. मला कोणी तसं पाहिलं, तर कसं वाटतं, हे त्या परातीने शिकवलं.

दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला की हा माणूस रायपूरकडून आला, नाव अमर सांगतो, काम चोख करतो, पण सणालाही गावी जात नाही. एवढं सांगून त्याने मलाच विचारलं की मी पोलिसांची माणूस आहे का. म्हणजे आता गल्लीला माझाही संशय येऊ लागला आहे.

पितळेमुळे चेहरा थोडा पसरट आलाय. पण भुवईवरची खूण स्पष्ट आहे. तुमच्या ओळखीचा असण्याचं काही कारण नाही. तुमचं समाधान व्हावं म्हणून पाठवते.

आईचा गुडघा शेकत जा. लोभ आहेच, तो वाढत राहो.

तुमची,
दीपमाला

*

चिखला,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमाला हिस,
आशीर्वाद. जय भीम.

फोटो भेटला. हा कोणी अमर-बिमर नाही. हा योगेंद्र आहे. आपल्या शकुनबाईचा पोरगा, चंदाचा नवरा.

तू तवा नागपूरले शिकत होती, म्हणून तुले पुरतं माहीत नाही. हा ट्रक चालवत होता, सदा गावाबाहेरच, म्हणून तू त्याले वळखलं नाही; पण तो तुले वळखते. तीन वर्षांआधी एक दिवस सकाळी घरून निघाला तो परत आलाच नाही. आदल्या दिवशी चंदाचा भाऊ निकेश आंबागडहून आला होता आणि दोघांची चांगलीच जुंपली होती. बस, तेवढं पुरलं. शकुनबाईनं छाती बडवून सांगतलं का सुनेनं आणि तिच्या भावानं पोराले मारून पाण्याच्या जुन्या खदानीत टाकलं. पोलिसांनी खदानीत गळ टाकून शोधलं. काही भेटलं नाही. तरी निकेशले आजपर्यंत ठाण्यात बोलावतात. चंदा शिवणकाम करत होती. तिच्याकडं कपडे टाकणं लोकांनी बंद केलं. खुनी बाईच्या हातची चोळी कोण घालन, असं बाया बोलत. ती आता दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणं-कापणं करून जगून राहिली.

मी फोटो घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं तो उन्हात धरला, सावलीत धरला. मंग पदरानं पुसला, जसं काही परातच पुसून राहिली.

तिथून आम्ही दोघं ठाण्यात गेलो. तिथले साहेब हसले. आजकाल मोबाईलवर मेलेला माणूस नाचवतात, असं त्यायनं कागदावर लिहून मले दाखवलं. शकुनबाई म्हणते का पितळेतलं तोंड कोणाचंही असू शकते, आणि परसरामच्या, म्हणजे माह्या पोरीले चंदानं फितवलं. आता लोक आपल्या घरापुढून जाताना बोलणं थांबवतात. मले ऐकू येत नाही, तरी थांबवतात!

पोरी, मी तर म्हणतो हा तुह्यापासून लपत होता, तुह्या मागं नव्हता. पण जपून. पकडलेलं जनावर चावते.

बाबा

*

भंडारा,
५ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी सरळ गल्लीत गेले. भरदुपारी, चहाच्या टपरीसमोर, दहा माणसांच्या देखत त्याला योगेंद्र अशी हाक मारली. पोतं खांद्यावरून घसरलं. तो पळाला नाही. टपरीच्या बाकावर बसला आणि विचारू लागला की मला चंदाने पाठवलं की ठाण्याने. इतके महिने मी त्याला संशयाने पाहत होते, आणि तोही मला तसाच पाहत होता.

का गेलास, असं विचारलं. मी काहीतरी मोठं कारण असेल असं धरून चालले होते. त्याने सांगितलं ते एवढंच: घरात रोजची कटकट, निकेशचं बोलणं लागलं, ट्रक रिकामा करून रायपूरच्या गाडीत बसला. चार दिवसांनी परतायचं होतं. मग लाज वाटली. नंतर इकडे आला, कारण आपल्याकडचे लोक तुमसरपर्यंतच येतात, या गल्लीत कोणी ओळखीचं भेटत नाही.

चंदावर काय बेतलं, ते सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला. आपल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, अशी शपथ घेतली. मला दया यायला लागली होती. पण मग फोटो पुसून टाक म्हणून गयावया करताना त्याच्या तोंडून निघून गेलं की खदानीत गळ टाकले तेव्हाच परतायला हवं होतं, आता लोक जिवंत सोडणार नाहीत. बाबा, गळ टाकल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं. बायको खुनी ठरली हे माहीत असून तो इथे पराती वाहत होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यातला गोंधळ संपत नाही. न विचारता काढलेला फोटो. पुसायचा अधिकार त्याला आहे, असं एरवी मीच म्हटलं असतं. पण हा फोटो आता एकट्या त्याचा राहिलेला नाही. काय करायचं ते चंदाताईंना विचारा. त्या म्हणतील तसं.

तुमची,
दीपमाला

*

चिखला,
१० डिसेंबर २०२४

दीपमालाताईले चंदाचा नमस्कार.

परसरामकाकांनी तुही चिठ्ठी वाचून दाखवली. मी सातवीवरी शिकली, चुकलं-माकलं समजून घे.

ताई, मले तो माणूस परत नाही पाहिजे. त्याले घरात घ्यायचं नाही, मारायचं नाही, रडायचं बी नाही. मी लय रडली तवा, तर लोक म्हणत होते का नाटक करून राहिली. नाही रडली तर म्हणत, पाहा, डोळ्यात टिपूस नाही.

फोटो कोणी मानत नाही. मंग त्यालेच घेऊन ये. बाजाराच्या दिवशी त्यानं बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माह्यासंग चालावं. भाजीवालीनं पाहावं, चक्कीवाल्यानं पाहावं, त्याच्या मायनं पाहावं. मंग ठाण्यात जाऊन सही करावी, माह्या भावाचं नाव सोडवावं. मंग त्याले कुठं जायचं तिथं जाऊ दे.

तो येतो म्हणन आणि येणार नाही. तू त्याच्यावर भरोसा ठेवू नको. मी ठेवला होता.

बहिणीसारखी माया धर, एवढंच मागते.

चंदा

*

भंडारा,
१९ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

परवा बाजारात तुम्ही सगळं पाहिलंत, पण ऐकलं काहीच नाही. रात्री विचारत होतात, पण मला बोलायचं त्राण नव्हतं. म्हणून आता लिहिते.

आधी येतानाचं. मी त्याला सांगितलं होतं, चलतोस की ठाण्याचे लोक इथे आणू. तो आला, पण एसटीत मी दाराजवळच्या सीटवर बसले आणि प्रत्येक थांब्याला मागे वळून पाहिलं. तुमसरला तो पाणी प्यायचं म्हणाला. मी त्याला माझी बाटली दिली, उतरू दिलं नाही.

बाजाराच्या तोंडाशी चंदाताई उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. चल, एवढंच म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. तो मागून. तुम्ही पाहिलंत तसा आवाज एकदम बसला. तुम्हाला जे नेहमी ऐकू येतं, तेच त्या वेळी आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. वांगी तोलणाऱ्या बाईचा तराजू वरच राहिला. मग चक्कीजवळ एक जण मोठ्याने म्हणाला की हा योगेंद्र नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा कोणी बाहेरून आणलाय, आजकाल काहीही होतं. दोघे-तिघे माना हलवू लागले. बाबा, जिवंत माणूस समोर उभा, आणि तोही खोटा!

तेवढ्यात शकुनबाई गर्दीतून आल्या. त्यांनी आधी त्याचा दंड चिमटीत धरून दाबला. मग भुवईवरची खूण अंगठ्याने चोळली, जशी काही रंगवलेली असावी. आणि मग जी थप्पड मारली ती तुम्हीही पाहिलीत. त्या चक्कीजवळच्या माणसाकडे वळून म्हणाल्या की आईले पोरगा वळखाले शिकवतो काय. त्यानंतर चंदाताईंसमोर आल्या. मान खाली घालून बाजूला झाल्या.

मी कॅमेरा काढला होता. योगेंद्रकडेच वळवला होता. चंदाताईंनी माझा हात धरून खाली केला. मला वाटलं, त्यांना नको असेल. पण त्या म्हणाल्या, याचा नको काढू ताई, याले तर सगळ्यांनी पाहिलं. यायचा, या लोकायचा काढ. आणि त्यांनी मला खांद्याला धरून लोकांकडे फिरवलं.

मी एकच फोटो काढला. कोणाला विचारलं नाही. कोणी केसही सारखे केले नाहीत. सोबत मोठी प्रत आहे, ती चंदाताईंना द्या.

आईची आठवण येते. मायेचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
दीपमाला

*

चिखला,
४ जानेवारी २०२५

चि. दीपमाला हिस,
आशीर्वाद. जय भीम.

फोटो चंदाले देला. तिनं काच लावून शिवणाच्या मशीनच्या वर, दारातून सरळ दिसन असा टांगला. मी तिले म्हटलं, बाई, लोक चिडतील. तिनं खिळा आणखी ठोकला.

योगेंद्रनं जबाब देला. निकेशचं ठाण्यात जाणं-येणं संपलं. योगेंद्र सध्या मायकडं आहे. किती दिवस राहते याचा कोणाले भरोसा नाही. शकुनबाई झोपताना त्याची चप्पल आपल्या खाटेखाली ठेवते.

चंदाकडं आता वर्दळ आहे. तुह्या फोटोत आपलं तोंड आलं काय, ते पाहाले एकेक जण येऊन राहिला. दारातून मान लांब करतात, डोळे बारीक करतात. मी बी जाऊन पाहिलं. मी त्याच्यात नाही, खांबामागं होतो. तुही आई म्हणते का खांबाबाहेरचं कोपर माहंच आहे. तिच्या नजरेवर माहा भरोसा नाही.

पाहाले येणाऱ्या बायायले रिकाम्या हातानं येणं जमत नाही. म्हणून येताना एकेक ब्लाउजपीस घेऊन येतात. चंदा माप घेते, कपडा ठेवून घेते. शिवून कधी भेटन विचारलं तर दिवस सांगत नाही.

तुही आठवण रोज काढतो. तू बी काढत जा.

तुहा,
बाबा