जुनी चीर

बुधवार, १७ फेब्रुवारी

परत तेच! तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचा, काटा चौदा पाउंडांवर अडकतो. अठरा दाखवायला हवा. वर मागून काळा धूर. टर्बो बिचारा जीव तोडून हवा कोंबतोय आणि ती इंजिनात पोचायच्या आत वाटेतच कुठेतरी निसटतेय. कुठे ते देव जाणे. देव आणि स्ट्रुअन.

स्ट्रुअनला विचारणार नाही. मेले तरी नाही.

मॅकफीच्या टेकडीची शर्यत १४ मार्चला. मागच्या वर्षी चार दशांश सेकंदांनी हरले. यंदा जिंकायचंय, आणि त्याच्याशिवाय जिंकायचंय. घरात बसून क्रॉशे करणाऱ्यांतली मी नव्हे.

शनिवार, २० फेब्रुवारी

नायरी आली. माझ्यासारखीच दुधाचा टँकर चालवते, तोंड मात्र माझ्याहून गोड. टर्बोच्या तोंडावर टोपण बसवलं (नळकामाच्या पाइपाचं, त्यात टायरचा व्हॉल्व्ह) आणि कॉम्प्रेसरने हवा भरली. मग स्पंजने साबणाचं पाणी. बुडबुडे येतील तिथे गळती. सायकलचं पंक्चर काढतात तसंच, फक्त इथे एका ट्यूबऐवजी दहा नळ्या आणि त्या आवळणाऱ्या वीस पट्ट्या, आणि निम्म्या ठिकाणी हात पोचत नाही.

एक पट्टी सैल निघाली. बुडबुडेच बुडबुडे! आवळली. गाडी रस्त्यावर काढून बघितली. चौदा.

नायरी म्हणाली, "अगं, स्ट्रुअनला एक फोन टाकलास तर अर्ध्या तासात—"

स्पंज बादलीत आपटला. पाणी तिच्या बुटांत गेलं.

"बरं बाई, नाही घेत नाव. पण चीज रोल तरी दे. ओले पाय घेऊन उपाशी नाही जायची मी."

रविवार, २१ फेब्रुवारी

झोप झाली नाही. तेच तेच डोक्यात.

सहा हिवाळे लागले ही गाडी बांधायला. बाहेर दक्षिणेचा बर्फाळ वारा, आणि स्ट्रुअन आणि मी स्वयंपाकघरात. जेवायच्या टेबलावर इंजिन, जेवण मांडीवर. गाडी चालवायची मी. लॅपटॉप लावून पेट्रोल किती, हवा किती, ते बसवायचा तो. हे ट्यूनिंग त्याच्यासारखं इथे कोणाला जमत नाही म्हणतात. म्हणोत.

नोव्हेंबरात घर सोडून गेला. रिव्हर्टनला त्याच्या आईच्या क्रिबवर, सुट्टीपुरत्या घरात राहतो, दोन खोल्या आणि समुद्र. बाई-बिई काही नाही. असती तर बरं झालं असतं, तिला तरी शिव्या देता आल्या असत्या. जाताना दारात काय म्हणाला? "तुझ्याशी बोलायचं म्हणजे दर वेळी हेल्मेट घालावं लागतं, नोएलीन." सव्वीस वर्षांच्या संसारानंतर हे! आणि तेही इतक्या शांतपणे, जसं काही दूध संपलंय म्हणून सांगतोय.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं (जास्तीची हवा सोडतो तो) गॅस्केट बदललं. फरक शून्य. येत होत्या तेवढ्या शिव्या संपल्या.

शनिवार, २७ फेब्रुवारी

मोटार क्लबात गेले. जायलाच नको होतं. डूगल तिथे. शर्यतीआधी सगळ्यांच्या गाड्या तपासतो, त्याचा शब्द म्हणजे इथे कायदा. त्याला सांगितलं, बूस्ट मिळत नाही, गाडी धूर काढते.

"ट्यूनिंग कोणाचं? स्ट्रुअनचंच ना? मग ट्यूनिंग सोडून बाकी सगळं बघ, पोरी."

पोरी! चोपन्न वर्षांची आहे मी. आणि त्याचं नाव निघालं की सगळ्यांचे चेहरे कसे लोणी लावल्यासारखे होतात. एवढा गुणी माणूस, एवढा सबुरीचा. मग मी कोण? सव्वीस वर्षं त्या सबुरीवर बसलेली माशी?

मोठ्यांदा म्हटलं, "बघाच तुम्ही. त्याचीच चूक निघणार." सगळे बिअरच्या ग्लासात बघायला लागले.

शनिवार, ६ मार्च

सापडली!!

नायरीने शक्कल काढली. गावच्या नाटक मंडळीकडून धुराचं यंत्र मागून आणलं, ते भुताच्या प्रवेशाला वापरतात ते. धूर नळ्यांमध्ये सोडला. दोन मिनिटं काही नाही. मग हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालून, जिथे तो काढल्याशिवाय काही दिसतच नाही, तिथून बारीक रेघ वर आली. नायरी तर नाचलीच. "आलं गं भूत, आलं!"

इंटरकूलर उतरवला. खालच्या रबरी नळीला पट्टीच्या आड दोन चिरा. एक ताजी, आतलं रबर स्वच्छ. दुसरी जुनी. कडा कडक झालेल्या, तेलाचा काळा थर बसलेला. वर्षाची तरी असेल.

म्हणजे सप्टेंबरात स्ट्रुअनने गाडीचं ट्यूनिंग केलं तेव्हाही हवा गळत होती! आणि या महान कारागिराला पत्ता नाही! गळक्या गाडीवर लॅपटॉप लावून बसला होता, भोकाच्या घागरीत पाणी मोजावं तसा. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. नळी धुतली नाही. पुरावा आहे तो.

रविवार, ७ मार्च

नवी नळी बसवली. हवा भरली, वीस पाउंडांवर काटा जागचा हलला नाही.

मग त्याला फोन केला. हो, मीच केला. म्हटलं, "जुनी चीर निघाली. तुझ्या नाकाखाली होती. नळी बदलली मी." त्याने मग विचारलं, "किती जुनी?" सांगितलं. त्यानंतर त्याचं नेहमीचं लांबण सुरू झालं, एक अक्षर ऐकलं नाही. शेवटी काय तर, "मला एकदा लॅपटॉप लावू दे. तोवर जोरात चालवू नकोस." बघा! घरात पाय ठेवायला निमित्त हवंय. फोन आपटला.

शनिवार, १३ मार्च

आला होता. खांद्याला लॅपटॉपची पिशवी. शेडला कुलूप घातलं होतं आणि मी पडद्याआड उभी. दोनदा हाक मारली त्याने. अंगणात पंधरा मिनिटं वाऱ्यात उभा राहिला. मग गेला.

उद्या शर्यत.

रविवार, १४ मार्च

संपलं सगळं.

सुरुवात अशी झाली की काय सांगू! काटा अठरावर, मग एकोणीसवर. अशी ओढ या गाडीला कधीच नव्हती. तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना पाय पूर्ण दाबला आणि खाली काहीतरी फुटलं. पांढरा धूर, रस्ताभर तेल. दोरीने ओढत खाली आणली, सगळ्यांच्या समोरून.

डूगलने स्पार्क प्लग काढून उन्हात धरला. टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी. "पिस्टन वितळलाय, पोरी. हवा भरपूर, पेट्रोल कमी. नुसती भट्टी झाली असणार आत." मग मान वर केली. "ट्यूनिंग कोणाचं म्हणालीस?"

सगळे ऐकत होते.

"स्ट्रुअनचं," मी म्हटलं. एवढंच. खोटं काय त्यात?

गुरुवार, १८ मार्च

नायरी सांगत होती, क्लबातल्या तिघांनी आपल्या गाड्या स्ट्रुअनकडे द्यायचं रद्द केलं. डूगल सगळ्यांसमोर म्हणाला म्हणे, "त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

भोग म्हणावं. आता कळेल, हेल्मेट कोणाला लागतं ते.

नायरी चहा न घेता गेली. तिला काय झालं आता?

शनिवार, २० मार्च

स्ट्रुअन ट्रेलर घेऊन आला. आज दार उघडलं.

इंजिन उघडून तिसऱ्या सिलिंडरमध्ये टॉर्च मारून कितीतरी वेळ बघत होता. किती म्हातारा दिसायला लागलाय. ओरडेल म्हणून मी तयारीत होते, उत्तरं पाठ होती. तो हात पुसत म्हणाला, "चूक माझी आहे. चीर मला दिसायला हवी होती. आणि फोनवर तुला नीट समजावलं नाही मी. घाबरलो होतो, भरभर बोललो असेन. क्लबातही तसंच सांगून आलोय."

मी चहा ठेवला. तो म्हणाला, "तुला लागलं नाही ना कुठे?"

नाही म्हटलं.

रविवार, २१ मार्च

नीट समजावलं होतं त्याने. भरभर नाही, सावकाश, दोनदा. गळती होती म्हणून ट्यूनिंग करताना पेट्रोल कमी केलं गेलंय. आता गळती बंद, हवा पूर्ण जाणार, पेट्रोल तेवढंच, पाय दाबलास तर पिस्टन वितळेल. एकेक अक्षर ऐकलं मी. सात तारखेला इथे खोटं लिहिलं.

तिसऱ्या वळणावर पाय दाबला तेव्हा मला ठाऊक होतं. मला तेच हवं होतं.