घोडी भेटली का

बाबा, तुमचा वाचण्याचा वेग मी मोजला आहे. माझ्या जुन्या फोनमध्ये तुमच्या आवाजाची एकच फाइल उरली आहे, अकरा मिनिटांची. त्यात तुम्ही घोडीच्या कादंबरीतली दोन पानं वाचता. तोच मजकूर माझ्या ई-रीडरमध्ये असल्यामुळे शब्द मोजणं अवघड नव्हतं. मिनिटाला बासष्ट शब्द. मध्ये तुम्ही खोकता, एकदा पाणी पिता आणि दोनदा पुस्तकातल्या माणसाला झापता. ते वगळलं तर थोडे जास्त भरतील, पण मी वगळलं नाही. हा ई-रीडर मोठ्याने वाचून दाखवतो; त्या यंत्राचा वेगही मी शक्य तितका खाली आणून पाहिला. चौऱ्याण्णवच्या खाली ते येत नाही.

मी आता बुलढाण्यात खोली घेऊन एकटी राहते. फोनवरची ॲप्स न दिसणाऱ्या माणसाला वापरता येतात की नाही, हे तपासण्याची नोकरी आहे. घरूनच करते. चूक कुठे झाली, त्याआधी काय केलं होतं, पुन्हा तसंच केलं तर ती पुन्हा येते का, एवढं लिहून पाठवायचं. वाईट वाटलं वगैरे त्यात लिहायचं नसतं. हे पत्रही मी तसंच लिहिणार आहे. कुठे पाठवायचं नाही, हे ठरलेलंच आहे.

डोणगावच्या मळ्यात बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारनंतर मेथी उपटली जायची. माय माती झटकून ढीग लावायची आणि विहिरीजवळच्या पत्र्याखाली आपण दोघं समोरासमोर बसायचो. मांडीवर भिजवलेला अंबाडीचा वाख. मूठभर मेथी घ्यायची, मुळं एका रेषेत आणायची, वाखाचे दोन वेढे, गाठ, की जुडी झाली. तुम्ही बघून बांधायचात, मी हाताने मापून. माझ्या जुड्या सारख्या यायच्या. मी नऊ वर्षांची असताना एकदा तुम्ही तुमचा ढीग माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "हात तुहे चांगले हायेत, डोये माहे. तू बांध, म्या वाचतो." तेव्हापासून तशी वाटणी झाली. पहिली काही वर्षं माझी शाळेची पुस्तकं होती, नंतर हाताला लागेल ते. तुम्ही सातवीपर्यंत शिकलेले. ओळीखाली बोट धरून वाचायचात. कागदावरून बोट सरकल्याचा आवाज आधी यायचा, शब्द त्याच्या मागून. प्रकरण किती लांब आहे हे मी जुड्यांत सांगायची. चाळीस जुड्यांचं म्हणजे मोठं.

घोडीची कादंबरी मी बारावीत असताना आली. पुठ्ठा निघालेलं जाडजूड पुस्तक, रद्दीवाल्याला दोन जुड्या देऊन तुम्ही ते आणलं होतं. एका माणसाची घोडी चोरीला जाते आणि तो तिला शोधत एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत फिरतो, एवढीच गोष्ट. पुस्तकातली भाषा वाचताना तुमचा आवाज शाळेत उभं राहून धडा वाचणाऱ्या पोरासारखा व्हायचा, सरळ आणि जरा भ्यालेला. मग मध्येच तो सुटायचा. "येडा हाय का बे तू? आधी दात पाह्याले पाह्यजे होते तिचे! त्यानं दुसरीच घोडी देल्ली ना तुले!" त्या माणसाला तुम्ही असं बोलत असताना मी हातातली जुडी खाली ठेवायची.

"बाबा, पुस्तकात हाय तेवढंच वाचा ना."

"बरं, मास्तरीणबाई."

अर्ध्या पानानंतर पुन्हा तेच. चुलीपाशी माय ओरडते, "बापलेकीची जत्रा फिरून झाली असंल तं जेवाले या." आणि तुम्ही तिलाच विचारता, "तुले काय वाटते, भेटंल का घोडी?" माय म्हणते, "मले काय वाटते? माह्या भाकरी थंड्या होऊन राह्यल्या."

कादंबरी संपायच्या आत मी बुलढाण्याला वसतिगृहात आले, संगणक शिकायला. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही वाखाचा एक धागा पानात ठेवलात, माझं बोट धरून त्याच्यावर टेकवलंत आणि म्हणालात, "दिवायीत इथून पुढं."

पहिल्याच सत्रात कॉलेजने मला ई-रीडर दिला. इअरफोन लावला की तो वाचतो. बाईचा आवाज, सपाट. पूर्णविरामावर ती थांबते, पण थांबायचं असतं म्हणून थांबल्यासारखी. पुस्तक स्कॅन केलेलं असेल तर पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव ती वाक्याच्या मधोमध वाचून पुढे जाते. त्याचं मला काही वाटलं नाही. बाबा, त्या पहिल्या दिवशी मी कोणालाही न विचारता एक पान मागे गेले. मग पुन्हा एक पान मागे. मग तेच वाक्य पाच वेळा वाचलं. तोवर मागे जायचं तर "बाबा, थांबा" म्हणावं लागायचं आणि तुमचं बोट उलटं सरकायचं. आता मी काय वाचते, कुठे अडते, कोणता भाग पुन्हा ऐकते, हे कोणालाच कळत नव्हतं. त्याचा आनंद किती झाला हे तुम्हाला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. महिनाभरात वेग तिप्पट केला. खोलीतल्या मुलींनी इअरफोन लावून पाहिला तर त्यांना ती नुसती किरकिर वाटायची.

अंधांसाठीच्या एका ऑनलाइन वाचनालयात मला घोडीची कादंबरी सापडली. दिवाळीला अकरा दिवस होते. आपण जिथे थांबलो होतो तिथून मी ती लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने सांगितलं, शंभर टक्के पूर्ण.

दिवाळीत मी घरी येते तेव्हा पत्र्याखाली ढीग लागलेला आहे. तुम्ही वाख भिजवून ठेवलाय, पुस्तकाला फडकं गुंडाळलंय. मी बसते. तुम्ही फडकं सोडता, पानं चाळल्याचा आवाज येतो, मग बोट कागदावर टेकतं.

"ही मी वाचली," मी म्हणते. तोपर्यंत मी 'म्या' म्हणायचं सोडलं होतं.

"कधी वं?"

मी यंत्र तुमच्या हातात देते. तुम्ही ते उलटंपालटं करता. "यात तं काहीच दिसून नाई राह्यलं."

"पडदा बंद ठेवलाय. मला लागत नाही तो."

तुमचं बोट पडद्यावरून सरकल्याचा आवाज येतो. मग म्हणता, "म्हंजे अंधारातच वाचतं हे." मी इअरफोन काढून आवाज मोठा करते, माझ्या नेहमीच्या वेगात. तुम्ही हसता. "कोनासंग भांडून राह्यली हे बाई?" मायही हसते. मी हसत नाही. मी वेग कमी करून दाखवते आणि तुम्ही अगदी जवळ येऊन ऐकता, इतके की तुमच्या सदऱ्याचा मेथीचा वास मला येतो.

"मलेही वाचून दाखवंल का हे?"

"तुम्हाला दिसतं ना, बाबा," मी म्हणते. "तुम्हाला कशाला पाहिजे?"

तुम्ही पुस्तक मिटलंत. फडकं गुंडाळलंत. मग अगदी सहज विचारलंत, "बरं, भेटली का मंग घोडी?"

"मी सांगितलं तर काय मजा? वाचा तुम्ही."

"हाव, तेही खरंच हाय," तुम्ही म्हणालात आणि मेथीचा ढीग आपल्या दोघांच्या मध्ये ओढलात. त्या दिवशी आपण दोघांनीही जुड्या बांधल्या. तुमच्या सैल येत होत्या. भाऊबीज झाल्यावर मी यंत्र घेऊन परत आले.

संक्रांतीच्या आधी तुम्ही गेलात. छातीत दुखतं म्हणालात आणि दवाखान्यात नेताना मेहकर येईपर्यंत संपलं, असं मला फोनवर सांगण्यात आलं. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि प्रत्येकजण माझा हात धरून मला कुठेतरी बसवत होता.

पुस्तक मायने मला वर्षभराने दिलं, घराला चुना लावताना फळीवरून निघालं तेव्हा. वाखाचा धागा वाळून काडीसारखा झाला होता. होता त्याच पानात. मी बोटांनी पुढची पानं मोजली. एकेचाळीस. मायला विचारलं, दिवाळीनंतर बाबांनी हे उघडलं नाही का? कादंबरी तुम्हाला मनापासून आवडली नसेल, अशी माझी समजूत होती. माझी सोय व्हावी म्हणून वाचता, असं मी धरून चालले होते.

"उघडे ना," माय म्हणाली. "बाजाराच्या आदल्या दिवशी घेऊन बसेच. म्या म्हनलं, वाचा ना मंग. तं म्हने, जुड्या बांधू का पुस्तक धरू? पोरगी होती तं जमे."

बाबा, मला शिकवलं गेलं आहे ते हेच. माणूस कोणतं काम करतो, तेव्हा त्याचे हात मोकळे असतात की नाही, डोळे मोकळे असतात की नाही, हे आधी विचारायचं आणि मग यंत्र कोणासाठी आहे ते ठरवायचं. तुमचे हात मेथीत होते. तुम्हाला वाचून दाखवणारं काहीतरी हवं होतं, आणि ते त्या दिवशी तुमच्या हातात दिलेलं होतं. तुम्ही विचारलंही होतं, त्याहून सरळ कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही सुचावं असं उत्तर होतं, की यंत्र इथेच ठेवते, वेग कमी करून ठेवते, सुट्टीत परत घेऊन जाईन. मला ते सुचलं नाही. हे डोळे असणाऱ्याला लागत नाही, असंच मला वाटलं होतं. खरं म्हणजे ते फक्त माझं असावं, असंही वाटलं होतं.

काल संध्याकाळी मी मेथी आणली. इथे ती रबर लावून देतात. रबर काढून मी निवडायला बसले आणि यंत्र लावलं, आपल्या पानापासून, सर्वांत कमी वेगावर. तीन वाक्यं झाली. तो माणूस एका जत्रेत शिरतो आणि ती बाई ते वाचून सरळ पुढे जाते. त्याला कोणी काही म्हणत नाही. मी बंद केलं. तेवढ्यात मायचा फोन आला आणि भाजी खुडण्याचा आवाज ऐकून तिने विचारलं, एवढ्या लवकर जेवायला बसली का, आवाज कसला येतो. मी म्हटलं, भाजी निवडते आहे.

एक गोष्ट या पत्रात वर यायला हवी होती. ती मी शेवटपर्यंत ढकलत आणली. वसतिगृहात कादंबरी लावली त्या संध्याकाळी मी प्रोग्रॅम लिहीत होते आणि ती बाई तिप्पट वेगाने कानात वाचत होती. तुमच्याआधी संपवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी ऐकलं नाही. मध्येच कधीतरी मला झोप लागली आणि ती एकटीच शेवटपर्यंत गेली. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी मजा जाईल असं म्हटलं.

घोडी भेटली की नाही, मले माहीत नाई, बाबा.