न ओवाळता आलेली ओवाळणी

लोहारा, मंगळवार

चि. कपिल,
तुझ्या ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे. पेपर आता न अडखळता वाचते. ह्यांच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचते, घरात दुसरं ऐकायला कोण आहे?

आईचे गुडघे कसे आहेत?

काल आमच्या कारखान्याच्या फाटकावर एका पक्षाचे उमेदवार आले होते. मी विचारलं, "काम सारखंच, मंग बायांले मजुरी कमी काहून?"

ते हसले. "ताई, आम्ही भाऊ म्हणून खात्यात ओवाळणी टाकतो न!"

"ओवाळल्यावर ओवाळणी भेटते, साहेब. मी तुमाले कवा ओवाळलं?"

साऱ्या बाया हसल्या. सुपरवायझर हसला नाही. आज त्यानं मला कामावर घेतलं नाही. तू काळजी करू नकोस, उद्या घेईल.

काल जाताना उमेदवाराचा माणूस हळूच म्हणाला, "राळेगावच्या कपिलभाऊनं तुमच्या मताचा शब्द देल्ला हाय आमाले."

तो खोटं बोलतो असं मी मनाला सांगितलं. पण तुझं नाव त्याला कुठून कळलं?

भाऊबीजेला एसटीनं ये, त्या पक्षवाल्यांच्या गाडीत बसू नको. माझ्या भाचीला, अर्पितालाही आण. आणि शब्द दिला असशील, तर आधी तो परत घे. माझं मत मी तुझ्याजवळ ठेवायला दिलं नव्हतं.

तुझीच,
इंदूताई