राजाची उडी

बाबा, आज दुपारी पट मांडला आणि तुमच्यावर पुन्हा चिडले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी तुमच्याहून म्हातारी झाले, तरी राग जात नाही. हल्ली गुडघे कुरकुरतात, डोळे लवकर दमतात, माणसांशी बोलायचाही कंटाळा येतो. सोंगट्या तेवढ्या बऱ्या वाटतात.

लालबागला आपल्या चाळीसमोर मोफत वाचनालय होतं. बुद्धिबळाचं पुस्तक तिथेच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. शाळा सुटली की मी बायकांच्या बाकावर बसून एकेक डाव पाठ करायची आणि तुम्ही गिरणीतून आलात की आईच्या पोळपाटाशेजारी मांडून दाखवायची. गिरणीतल्या मोडक्या लाकडी बॉबिनींमधून तुम्हीच कोरलेल्या त्या सोंगट्या. तुमचा खेळ कोकणातला, गावाकडचा. त्यात शह लागण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता यायची. पुस्तकात ती नाही म्हटल्यावर तुम्ही खवळलात. “राजाक उडी नाय? मगे तो राजा कसलो?” आई म्हणाली, “शिका जरा लेकीकडून.” आणि तुम्ही शिकलात. ते सभांचे दिवस. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून घोषणा देऊन तुमचा घसा बसलेला असायचा. चुकून राजाला उडी दिलीत आणि मी ओरडले की तुम्ही निमूट सोंगटी मागे घ्यायचात. तसं सुख मला पुन्हा लाभलं नाही.

वाचनालयाच्या दारातला फळा तुम्ही रोज वाचायचात, सभेची बातमी बघायचात, पण आत यायचा नाहीत. मला तुम्ही आत यायला हवे होतात, रोज माझ्याजवळ बसायला. म्हणून वाचनालयाने बुद्धिबळाचे सामने ठेवले आणि त्यात तुम्ही आपणहून नाव दिलंत तेव्हा मी हरखले. समोर एक कारकून. तुम्ही छान खेळत होतात. मग राजा कोपऱ्यात अडकायला आला. एक प्यादं पुढे सरकवलं असतं तर सुटत होता. मला बाकावरून दिसत होतं, पण बोलायची सोय नव्हती. तुमचा हात वर गेला आणि राजाने उडी मारली. सगळी खोली हसली. कारकून म्हणाला, “अहो, हे कोकणात!” तुम्ही राजा हळूच आडवा केलात आणि उठलात.

जिन्यात मी विचारलं, “विसरलात?” “माका म्हायत होता गो बाय. हात आयकणा नाय. तू जा थंय. तुझो हात अजून कवळो आसा.” त्यानंतर तुम्ही पट माळ्यावर टाकलात. मी जात राहिले, जिंकले, कप आणले. तुम्ही ते पुसून फळीवर लावलेत, पण माझ्याबरोबर एक डावही खेळला नाहीत. एका हसण्यावर कोणी खेळ सोडतं का, बाबा? मी एकटी पडले त्याचं काय?

हा कागद आता पटाखाली सरकवते. पाठवायचा तरी कुठे? एक मात्र सांगते. एकटीच खेळताना राजा कोंडायला आला की मी दाराकडे बघते, कोणी नसलं की त्याला उडी देते. आज दुपारीही दिली. माझा हात ऐकतो, तरी दिली.