आठ गाठींची सुतळी

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, ६ ऑक्टोबर २००२

तीर्थरूप द्वारकाआत्या,

तू पाठवलेल्या आठ गाठींच्या सुतळीत नेमकी कोण बाई उभी आहे? तीन आठवडे झाले, मला उत्तर सापडलेलं नाही, हे आधीच कबूल करते. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबा गावभर माझं नाव सांगतात, ते हे वाचत असतील तर त्यांनी इथेच विसरावं.

आता रीतीप्रमाणे साष्टांग नमस्कार. (लिफाफ्यावर तुझ्या नावाआधी 'गं. भा.' लिहिलेलं नाही. नवरा गेला ही बातमी बाईने पोस्टमनला दर वेळी का सांगावी, हे मला पटत नाही. रागावलीस तरी चालेल.) तुझी कंबर कशी आहे? बाबांचा खोकला? म्हैस दूध देते की आटली? आणि दुसऱ्या गावची अंगणवाडी अजून तुझ्याच गळ्यात आहे का? मागे लिहिलं होतंस की काळीपिवळी जीप भरेपर्यंत तास तास फाट्यावर उभं राहावं लागतं, आणि भरल्यावर बसायला जागा नसते. मी इथे खुशाल आहे. दोन वेळा जेवते आणि दिवसभर संशय घेते. दुसऱ्या कामाचा पगार मिळतो. परदेशातल्या कुठल्याशा विमा कंपनीचा प्रोग्रॅम आमच्याकडची मुलं लिहितात, आणि त्यात चूक असणारच असं धरून मी ती शोधते. (नाव श्रद्धा आणि काम संशयाचं, हा विनोद ऑफिसात पहिल्याच दिवशी होऊन गेला आहे. तू करू नकोस.)

तर तुझं पार्सल. मोरपंखी दोऱ्याच्या अकरा गुंड्या, एक क्रोशाची सुई, गाठी मारलेली सुतळी आणि चिठ्ठी. चिठ्ठी मला पाठ झाली आहे. 'एक साधा ड्रेस विण. माप सुतळीवर आहे. डावा खांदा एक बोट उतरता धर. जाळी नको, मुके खांबच घाल. कोणाला बोलू नको.' आत्या, तू मला क्रोशा शिकवलास तेव्हा रुमाल म्हणालीस, तोरण म्हणालीस, झबलं म्हणालीस. 'ड्रेस' हा शब्द तुझ्या तोंडून मी जन्मात ऐकलेला नाही. आणि मुका खांब म्हणजे अगदी बुटका, दाट टाका, हे मला ठाऊक आहे. पण 'मुके खांब' आणि 'बोलू नको' एकापाठोपाठ आल्यावर मी चिठ्ठी दिव्यासमोर धरून पाहिली. मागच्या बाजूला बाबांचं अक्षर निघालं. 'सर्जेराव दिवाळीनंतर बघायला येतात. बायकोलाही आणणार. वय दोन वर्षं कमी सांगितलं आहे.'

आता तूच सांग, मी काय समजायचं? सर्जेरावांना लग्नाचा मुलगा आहे, त्याला एक बहीण आहे, आणि ती बहीण सडपातळ आहे. म्हणजे होणाऱ्या नणंदेच्या मापाचा ड्रेस सुनेकडून आधीच विणून घ्यायचा, हात कसा आहे ते बघायचं, आणि पसंत पडलं तर बाकीची यादी. कॉलेजात मी हुंड्याविरुद्ध तीन वेळा भाषण केलं आणि शपथ घेतली, तेव्हा दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या तूच वाजवल्या होत्यास. वय कमी सांगितल्याचा तर मला फारच राग आला. तेवीस वर्षं मी प्रामाणिकपणे जगले आहे. त्यातली दोन कोणी परस्पर काढून टाकावीत?

तरीही मी विणायला घेतलं. पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही, हा आमच्या कामातला नियम आहे. सुतळी मोजली तर पहिल्यांदा छाती चौतीस आली, दुसऱ्यांदा साडेपस्तीस, आणि तिसऱ्यांदा जरा ओढली तर ती बाई माझ्या डोळ्यांदेखत सदतीस झाली. शेवटी सुतळी खिळ्याला टांगून सैल सोडली आणि सरासरी काढली. संध्याकाळी परत आले तर खिळा रिकामा. आमच्या घरमालकीण सत्यशीलाबाई (तू मला पोचवायला आलीस तेव्हा त्यांनी पाणी विचारलं होतं आणि चहा विचारला नव्हता, त्या) यांनी सुतळीने रद्दीचा गठ्ठा बांधला होता. मी सोडायला लागले तर म्हणाल्या की या घरात सुतळी सुतळीसारखी वापरतात. त्यात कोणी बाई आहे हे त्यांना कसं सांगणार?

मग वाटलं, याही कटात आहेत. त्या दिवशी तुम्ही दोघी स्वयंपाकघरात दार लोटून बराच वेळ बोलत होतात. त्यांच्या अंगात मांस नाही, म्हणजे मापही जुळण्यासारखं. म्हणून दोरीवर वाळत घातलेला त्यांचा ब्लाउज मी सुतळीने मोजला. छाती जुळली. दंडही जुळला. पाठ मोजण्यासाठी ब्लाउजला दोन्ही हातांनी धरलं होतं, इतक्यात त्या मागे उभ्या.

"उभ्या राहा म्हणाला असतात तर राहिले असते," त्या म्हणाल्या. "ब्लाउजला मिठी मारायची गरज नव्हती."

पण त्यांचे खांदे फूटपट्टी ठेवावी इतके सरळ. म्हणजे त्या सुटल्या. मग उतरत्या डाव्या खांद्याची बाई मी लक्ष्मी रोडवर शोधली. एका बाईंच्या मागे कुमठेकर रस्त्यापर्यंत गेले. त्यांनी खांद्यावरची पर्स उजवीकडे घेतली, आणि उजवा खांदा उतरला. आत्या, अर्ध्या पुण्याचे खांदे पर्समुळे उतरते आहेत. तो पुरावा होऊ शकत नाही.

खरं तर तू पुण्यात आलीस तेव्हापासूनच तुझं वागणं मला नीट वाटलेलं नाही. अलका टॉकीजच्या चौकात तू अर्धा तास उभी राहिलीस. तोंडाला ओढणी गुंडाळून बायका स्कूटरवरून जात होत्या आणि तू मोजत होतीस. "या सगळ्या नोकरीलेच चालल्या का वो?" असं तू तीनदा विचारलंस आणि तुझी एस.टी. चुकली. तेव्हाही तू स्थळंच हेरत असणार.

तर माझा निर्णय ऐक. ड्रेस काखेपर्यंत विणून झाला आहे, खांदे तेवढे राहिलेत. ज्या बाईसाठी मी ऐंशी ओळी मुके खांब घातले तिचं नाव कळेपर्यंत मी सुई उचलणार नाही. पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी घेऊनही येणार नाही. हे बाबांनाही सांग.

तुझी (तरीही),
श्रद्धा

ता. क. मंगळवार. पत्र पेटीत टाकायला निघाले, तेवढ्यात वाटलं की समोरच्याचं म्हणणं न ऐकता निकाल देणं बरं नाही. म्हणून एस.टी.डी. बूथवरून शेजारच्या किराणा दुकानात फोन लावून बाबांना बोलावून घेतलं. तू अंगणवाडीत होतीस. मी हुंडाबंदीच्या कायद्यावर न थांबता बोलले. बूथमध्ये रांगेत उभ्या असलेल्या दोन मुली ऐकून गंभीर झाल्या. मी थांबल्यावर बाबा म्हणाले, "अवो बाई, म्हशीले कोन हुंडा देते?"

सर्जेराव म्हैस बघायला येणार आहेत. वय म्हशीचं कमी सांगितलं आहे. (हेही बरोबर नाही, पण तो वेगळा विषय.) मी विचारलं, चांगली म्हैस का विकता? तर म्हणाले, "तुह्या आत्याची म्हैस. तिनंच विकाले काढली. काहून, ते मले नाही सांगत."

ता. क. दुसरा. शनिवार. म्हशीचं कोडं सुटल्यावर अडून बसायला कारण उरलं नाही, म्हणून खांदे विणले. अंगावर घालून पाहिल्याशिवाय उतार कळेना, तेव्हा सत्यशीलाबाईंना रीतसर विचारलं. त्या नऊवारीवरच ड्रेस चढवून आरशासमोर उभ्या राहिल्या. उजवी बाजू चोख बसली, डावीकडे खांद्यावर ताण. त्यांनी तो उतार बोटाने दोनदा चाचपला. मला वाटलं टाका चुकला.

"टाका बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ही बाई डाव्या कडेवर पोर घेऊन वर्षानुवर्षं चाललेली आहे. आणि पोर चांगलं जड असणार."

आत्या, आईला रोज मजुरीला जावं लागायचं, आणि नाल्यापलीकडच्या शाळेत चालत जायला मी सात वर्षांची होईपर्यंत नकार दिला, हे तू आल्यागेल्याला हसून सांगतेस. मी आरशातल्या खांद्याकडे बघत राहिले. सत्यशीलाबाईंनी ड्रेस काढून घडी घातली आणि आज पहिल्यांदा मला चहा विचारला.

तीन आठवडे चूक शोधणाऱ्या मुलीला एवढंही दिसलं नाही.

ता. क. तिसरा, आणि खरा. वरचं पत्र रागाचं आहे, तरी फाडलेलं नाही. घरातली पत्रं बाबा आधी फोडतात, आणि 'हुंडा' शब्द आला की पुढचं तुझ्याकडे ढकलतात. तो शब्द पुरेसा लवकर आला आहे. इथवर ते पोचणार नाहीत.

ड्रेस कालच्या पार्सलने अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवला. दोन्ही बाजूंना वीतभर जास्त चिरा ठेवल्या आहेत, किक मारताना अडू नये म्हणून, आणि किल्लीसाठी आत एक खिसा आहे. माझी एकच विनंती आहे: म्हशीचं खरं वय सर्जेरावांना सांग, आणि दिवाळी झाली की माझ्याकडे पंधरा दिवस राहायला ये. सत्यशीलाबाईंना विचारलं आहे. त्या नको म्हणाल्या नाहीत, म्हणजे हो.

बायकांना स्कूटर शिकवणाऱ्या एक बाई कर्वेनगरात आहेत. आज सकाळी तिथे जाऊन तुझं नाव घालून आले. फॉर्मवर एक रकाना होता: साडी की ड्रेस? मी ड्रेस लिहिलं.