आता चपला घाल

प्रिय शामला,

हिंगण्यात मी मजेत हाये वं. डबा बरा मिळते, खोकलाही गेला. आईचे गुडघे कसे हायेत?

फोन आपली रितिका उचलते, म्हणून लिहून राहिलो. कंपनीतले साहेब मले सुपरवायझर करून राहिले होते. मी नाही म्हटलं. पगार थोडासाच वाढते, पण तेवढ्यानं आपलं उत्पन्न सरकारी मर्यादेच्या वर जाते अन् पोरीची शिष्यवृत्ती बंद होते. मग तिच्या नर्सिंगची फी कुठून भरू? साहेब म्हणे, "काहून गा, पुढं जायचं नाही?" मी नुसता हसलो. पोरीले यातलं काही सांगू नको.

माझी बढती होईपर्यंत अनवाणी राहीन, असं तू देवीपुढं बोलली होती. ऊन लय हाये, आता चपला घाल. देवीले सांग, बढती आली होती.

तुझा,
सुशील