टेपखालचं बोट

२५ एप्रिल २००४, रविवार
औंढ्याला परतून तीन दिवस झाले. आज घरचं पहिलं माप. लेकीचं, सुजाताचं, डोकं ४९ सेंटीमीटर. हैदराबादच्या दवाखान्याच्या कागदावर ४८ आहे. असू दे. टेप बदलला की माप बदलतं, हे आम्हा टेलर लोकांना कुणी शिकवायला नको. आपण आपल्याच टेपानं चालायचं.

डॉ. बोलले ते लिहून ठेवतो. डोक्यात पाणी साचत होतं, त्याला दुर्बिणीतून आतल्या आत छेद पाडून वाट केली. नळी घातली नाही. पण एवढ्या लहान लेकरात तो छेद पुन्हा बुजू शकतो. "हर इतवार नापना. हफ्ते में आधे सेंटीमीटर से ज्यादा बढ़ा, उल्टी हुई, बच्ची सुस्त दिखी, तो फौरन आना."
बायको, मीना, म्हणाली, "तुमी टेलर हाव म्हनून बरं. दुसऱ्याला एवढं बराबर जमलं नसतं."

२ मे
४९. जिवात जीव आला.
पोरगी आठ महिन्यांची. सहाव्या महिन्यापर्यंत सगळे "डोकं मोठं सरदाराचं" म्हणून हसायचे. मीही हसलो. त्याचा राग अजून जात नाही. दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिणार.

४ मे, बुद्धपौर्णिमा
पांढऱ्या मांजरपाटाचं टोपडं शिवलं, ४९ च्या मापानं. जरा सैलच बसलं. विहारात सगळ्यांच्या मांडीवर फिरली. कुणी डोक्याकडे टक लावून बघितलं की माझं टाळकं फिरतं. आज भांडलो नाही, एवढंच.

१६ मे
४९. माप घेईपर्यंत चहाही गेला नाही.
मीना: "आज लई घट्ट ओढून राहिले तुमी. रडली ना ती."
मी: "घट्ट धरल्याबिगर माप बराबर येत न्हाई."

३० मे
४९. सहाव्या रविवारी तोच आकडा. छेद उघडा आहे. असणारच. सकाळी एकदा उलटी. काल आंबा चाटवला होता, त्याचंच. दातही येत असतील. कागदावर ४९ आहे, मग का घाबरायचं? तरी दुकानातून दोनदा घरी जाऊन आलो.

६ जून
४९. पण टोपडं बसेना. मीनानं ओढून घातलं तर कपाळावर वळ उठला. "आटलं असंल," मी म्हणालो. मांजरपाट धुतल्यावर आटतोच. मीना टोपडं हातात घेऊन बसून राहिली.

८ जून, मंगळवार
शाळेच्या गणवेशांची गर्दी. शिरड शहापूरची एक बाई लेकराला घेऊन आली. "ढिलं घ्या हो, वाढतं लेकरू हाय." मी कमरेला टेप लावला आणि बघितलं, टेपाखाली माझं बोट. मी घातलं नव्हतं. ते आपोआप जातं. लेकराचं माप म्हटलं की एक बोट ढिलं, लहानपणापासूनची सवय.

पहिल्या रविवारी सुजाताच्या डोक्यालाही हे बोट असणार. म्हणून ४८ चे ४९ झाले. मग भीती वाढली तसा टेप ओढत गेलो. बोट कधी निघालं ते कळलंही नाही.

बाईला तिथंच सोडून घरी पळालो. टेप बेताचा, बोटाशिवाय, तीनदा लावला. ४९. म्हणजे डोकं एका सेंटीमीटरनं वाढलंय. वाढीच्या वयात तेवढं वाढतं, की छेद बुजला? एका आठवड्यात वाढलं, की हळूहळू? कागदावर सात रविवार आहेत, एकही खरा नाही. सांगावं कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.
मीनाला एवढंच म्हणालो, "उद्या हैदराबादला जाऊ."
"काहून? माप तर तेच हाय ना?"
"उलटी झाली होती म्हनून."

९ जून
नांदेडपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. सुजाता सतत झोपते. गाडीच्या हेलकाव्यानं झोपते की सुस्त आहे? दर स्टेशनला उठवून बघतो. हसते, पुन्हा डोळे मिटते. मीना चिडली, "झोपू द्या की तिला!"

१० जून
दवाखान्यात, डोक्याच्या आतल्या फोटोच्या रांगेत. टाळूला हात लावून डॉ. नी विचारलं, "नाप का कागज लाए?" दिला. "सब एक जैसा? बहुत अच्छा." मीनाचा चेहरा खुलला. माझ्यानं ऐकवेना. म्हणालो, "साहब, कागज गलत है." आणि टेपाखाली जाणारं बोट दाखवलं.
ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "फोटो देखने के बाद ही बोलेंगे. बंद हुआ होगा तो नली डालनी पड़ेगी."

बाकावर येऊन बसलो. मीना म्हणाली, "तुमी टेलर हाव म्हनून म्या एकदाबी टेप हातात घेतला न्हाई."
परवा दुकानातून पळालो तेव्हाचा टेप अजून गळ्यातच होता, औंढ्यापासून इथपर्यंत. तिनं तो काढून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला.

सुजाताचं नाव पुकारलं. मीना तिला घेऊन आत गेली. एकालाच आत सोडतात.